पिवळं रोप आणि सूर्याचा दगड

त्या पावसाळ्यात जवळजवळ तीन आठवडे मी दोन फोन घेऊन फिरत होतो. माझा पँटच्या खिशात आणि वडिलांचा शर्टाच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. मी बातमीदार, माझा फोन बातम्या पाठवण्यासाठी होता. वडिलांच्या फोनवर एक खेळ होता, आणि तो फोन रोज एकदा खेळातल्या एखाद्या ठरावीक जागेजवळ नेऊन पडद्यावरचं निळं चक्र बोटाने फिरवावं लागे. सलग सात दिवस ते फिरवलं की सातव्या दिवशी एक खास वस्तू मिळायची. एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून सुरुवात.

वडिलांची घोलवडला चिकूची वाडी आणि तिच्या एका कोपऱ्यात कलमांची नर्सरी आहे. खिरणीची रोपं पिशव्यांत वाढवायची, ती चिकूच्या मोठ्या झाडाच्या फांदीला टेकवायची, दोन्हींना एका मापाचा काप द्यायचा, कापाला काप जुळवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचे. दोन-तीन महिन्यांत सांधा जुळतो. मग फांदी खालून तोडतात आणि खिरणीच्या मुळावर चिकूचं झाड उभं राहतं. वाडीतली बाकीची सगळी कामं बाबांनी कधी ना कधी दुसऱ्याकडे सोपवली होती. काप आणि बांधणी मात्र चाळीस वर्षं त्यांचीच होती.

त्या वर्षी थंडी सरता सरता त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. बोलणं आठवड्यात सुधारलं. पाय थोडा ओढत राहिला. उजव्या हाताची बोटं मात्र उघडायची आणि अर्ध्यातच थांबायची. अंगठा तर नुसताच पडून असे. डहाणूच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी रबरी चेंडू दिला, दिवसातून शंभर वेळा दाबायला सांगितलं. बाबांनी तो दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी खिडकीत ठेवला आणि पुन्हा हातात घेतला नाही. त्यांनी घरात एकदाच, जेवताना सांगितलं, की पाऊस ओसरल्यावर कलमं बांधायची वेळ येईल, तोवर हात आला नाही तर नर्सरी बंद करायची आणि ती जागा भाड्याने द्यायची. ते एकदा सांगत आणि तसंच करत, हे सगळ्यांना माहीत होतं.

माझी मुलगी पुण्याला शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आली, आजोबांचा उजवा हात मांडीवर पडलेला पाहिला आणि त्यांच्या फोनवर हा खेळ डाउनलोड करून दिला. पडद्यावर एक प्राणी येतो. खाली असलेला चेंडू अंगठ्याने वर भिरकावायचा. लागला तर प्राणी आपला. मला वाटलं, हाही खिडकीत जाईल. गेला नाही. रबरी चेंडू दाबून काही मिळत नव्हतं, हा फेकून काहीतरी हाती लागत होतं, एवढाच फरक असावा. बाबा दिवसभर ओटीवरच्या खुर्चीत बसून चेंडू फेकत. सुरुवातीला सगळे डाव्या अंगठ्याने. उजव्याने फेकला की चेंडू पडद्याच्या कडेला जाऊन पडे, मग ते गुजरातीत काहीतरी पुटपुटत आणि फोन पुन्हा डाव्या हातात घेत.

प्राणी शेकडो प्रकारचे होते. बाबांनी पक्षी, मासे, आग ओकणारे, दगडाचे असे सगळे पकडून पाहिले आणि लवकरच सोडून दिले. ठेवले ते फक्त झाडझुडपांसारखे दिसणारे. त्यांतला त्यांचा खरा जीव होता बीसारख्या गोल, डोक्यावर दोन पानं असलेल्या एका प्राण्यावर. त्याचं खेळातलं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. ते त्याला 'बी' म्हणत. हा बी नुसता खायला घालून मोठा होत नव्हता. त्याला फूल यायला सूर्याचा दगड लागत होता. तसाच माशाला खवला लागे, कासवाला मुकुट, आणि एका किड्याला लोखंडी अंगरखा. या वस्तू कुठे पडलेल्या सापडत नाहीत. त्या सात दिवसांच्या फेरीनंतरच मिळतात, आणि त्यांतली कुठली मिळेल ते आधी कळत नाही.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. पडद्यावर बी होता, पण हिरवा नव्हता. पिवळा होता. डोक्यावरची पानंही पिवळीच. डाव्या हाताने त्यांनी फोन धरला होता आणि उजव्या अंगठ्याने चेंडू लोटला होता. मी दारात असतानाच तो लागला, तीनदा हलला आणि बंद झाला. मी खिशातल्या वहीत लिहिलं: उजवा, पहिला. तारीख आणि वेळही लिहिली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी प्रगती टिपून ठेवायला सांगितलं होतं आणि तोवर टिपण्यासारखं काही घडलं नव्हतं.

मुलीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. हा पिवळा फार दुर्मीळ असतो, शेकड्यांत एखादा निघतो, तिच्या वर्गात कोणाकडे नाही, आजोबांना सांगा याला जपून ठेवा, आणि दगड मिळाला की फक्त यालाच द्या, असं तिने घाईघाईने सांगितलं. मी बाबांना सांगितलं. ते हो म्हणाले. म्हणजे मान हलवली.

दगड आणायचं माझ्याकडे आलं. चक्र फिरवायच्या जागा घोलवडला मोजक्याच. एक स्टेशनात, एक देवळाशी, बाकीच्या बोर्डीच्या वाटेवर समुद्राकडे. सगळ्यांत जवळची स्टेशनातली, आणि तिथपर्यंत बाबांनी चालावं असं फिजिओथेरपिस्ट बाईंचंही म्हणणं होतं. पण स्टेशनात सकाळी चिकूच्या पेट्या चढवायला आलेली सगळी ओळखीची माणसं. काठी टेकत त्यांच्यासमोरून जायला बाबा तयार नव्हते. तेव्हा सकाळी मी त्यांचा फोन घेऊन निघायचं, कामाच्या वाटेवर कुठेतरी चक्र फिरवायचं आणि संध्याकाळी फोन परत करायचा, असं ठरलं.

पहिल्या फेरीत मी एकही दिवस चुकलो नाही. डहाणूत प्रांत कार्यालयाबाहेर, सरावलीच्या फाट्यावर, एकदा तलासरीत बसस्थानकाजवळच्या देवळासमोर. तलासरीत फोन मधूनच गुजरातचा टॉवर पकडतो आणि स्वागताचा संदेश येतो. तेवढ्या वेळात खेळ अडकतो, चक्र फिरत नाही. मी बैठकीला उशिरा पोचलो आणि तहसीलदारांच्या बोलण्याचा पहिला भाग दुसऱ्या वार्ताहराच्या वहीतून उतरवून घेतला. नोकरीतल्या वीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

त्या तीन आठवड्यांत मी कुठेच नीट बसलो नाही. चहा उभ्यानेच. कोणाशी बोलताना हात शर्टाच्या खिशावर. फोन आपोआप बंद तर झाला नाही ना, बॅटरी किती, आजचं फिरवलं की नाही. फिरवल्यावरही दहा मिनिटांनी पुन्हा उघडून पाहायचो. घरी बाबांची वेगळी तगमग. दिवसभर हातात फोन नाही. ते ओटीवरून अंगणात, अंगणातून फाटकापर्यंत, परत. वाडीत काम करणारी बाई मला म्हणाली की शेठने आज कलम न बांधलेल्या पिशव्यांची रांग तीन वेळा मोजली. ती तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरची, नवऱ्यासोबत वीस वर्षांपासून आमच्या वाडीत राहणारी. खिरणीची सगळी रोपं त्या वर्षी तिने एकटीने वाढवली होती. नर्सरी बंद झाली तर ती परत पाड्यावर जाणार होती, आणि तेही तिने एकदाच सांगितलं होतं.

सातव्या दिवशी लोखंडी अंगरखा मिळाला. बाबांनी तो पाहिला.

"हे कोणाला घालायचं?"

मी म्हटलं, त्या किड्याला.

"किडा तर सोडून दिला मी. चिकूवर पडतो तसा होता."

दुसरी फेरी पाचव्या दिवशी मोडली. महामार्गावर तलासरीजवळ एक टँकर उलटला आणि दोन्ही बाजूंची वाहतूक थांबली. माझ्या फोनला रेंज नव्हती. बातमी आणि फोटो मी बाबांच्या फोनवरून पाठवले. सातवा फोटो जाता जाता तो फोन बंद पडला. चार्जर होता, वीज नव्हती. चक्राची जागा तिथून चार किलोमीटरवर आणि मधे न हलणारे ट्रक. घरी पोचलो तेव्हा तारीख बदललेली होती. सकाळी बाबांनी विचारलं, बातमी आली का? मी म्हटलं, आली, पहिल्या पानावर. मग झालं तर, असं म्हणून त्यांनी फोन माझ्याकडून घेतला. पण त्यांचा डावा हात उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होता आणि ती पुन्हा मिटत होती. पाऊस कमी व्हायला लागला होता.

तिसऱ्या फेरीत मी फक्त स्टेशनातलंच चक्र फिरवलं, सकाळी उठल्या उठल्या, दात घासायच्या आधी. सातव्या सकाळी फलाटाच्या टोकाला उभा राहून बोट फिरवलं आणि सूर्याचा दगड मिळाला. केशरी, कडेला किरणं असलेला. मी तिथेच बीची यादी उघडली. हिरवे अकरा होते. वरपासून खालपर्यंत पाहिलं. खालपासून वर पाहिलं. रंगावरून शोधलं, तारखेवरून शोधलं. पिवळा नव्हता. एक मालगाडी गेली तेवढा वेळ मी यादी वर-खाली करत राहिलो. मग मुलीला फोन केला. ती झोपेत होती. सोडून दिलेला प्राणी परत येत नाही, एवढं तिने सांगितलं आणि म्हणाली, फोन चालू ठेवा, मला ऐकायचंय.

बाबा ओटीवर चहा घेत होते.

"पिवळा कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठला पिवळा?"

"बी. तुम्ही उजव्या हाताने पकडलेला."

"तो होय. उपटला काल."

उपटला म्हणजे काय, असं मी विचारलं. बाबांनी सांगितलं की काल संध्याकाळी फोनवर आलं, जागा संपली, काहीतरी काढा. तेव्हा त्यांनी सगळी यादी साफ केली. जे बारीक, वाकडं, वाढ नसलेलं, ते काढलं. पिवळं तर पहिल्यांदा काढलं. वाफ्यात पिवळं पडलेलं रोप ठेवत नाहीत.

फोनमधून मुलगी म्हणाली, "आजोबा, तो आजारी नव्हता. शेकड्यांत एखादा तसा निघतो."

"आपल्याकडेपण शेकड्यांत एखादंच निघतं," बाबा म्हणाले. "तेच बघून काढायचं असतं."

"पण खेळाने विचारलं असेल ना? नक्की सोडू का म्हणून?"

"विचारलं. दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं."

मुलगी हसायला लागली आणि मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, की मी तीन आठवडे स्टेशनात आणि महामार्गावर हे चक्र फिरवत हिंडलो, ते त्याच एका पिवळ्यासाठी, आणि तुम्हाला ते सांगितलं होतं. माझा आवाज चढला असावा, कारण वाडीतली बाई पाण्याची नळी हातात घेऊन थांबली. बाबा शांतपणे म्हणाले, "जवा दे ने, जाऊ दे. दुसरे अकरा चांगले आहेत. माझ्या डोळ्यासमोर निवडलेत."

मग मी जे विचारलं ते बातमीदाराच्या सवयीने, एखादा राहिलेला तपशील भरायला विचारावं तसं. यादीतून प्राणी काढताना प्रत्येकावर बोट दाबून धरावं लागतं, तेव्हा तो निवडला जातो. मग पुढचा. मी विचारलं, किती काढले. साठ-सत्तर असतील, ते म्हणाले. मी विचारलं, कोणत्या हाताने.

"डाव्या हातात चहा होता," बाबा म्हणाले.

फोन मांडीवर ठेवून? हो. अंगठ्याने? मग काय नाकाने? किती वेळ लागला? ते म्हणाले, चहा निवला, बाईने दुसरा आणून दिला, तोही निवला. हे सांगताना त्यांनी स्वतःच उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा हलवला. दुखत होता, म्हणाले, म्हणून रात्री तेल लावलं. बाई नळी तशीच धरून उभी होती, पाणी एका पिशवीतून उतू जात होतं. वही खिशात होती, पण मी काही लिहिलं नाही.

दगड वापरायचा म्हणून वापरला. बाबांनी अकरांतला सगळ्यांत जाड बी निवडला आणि उजव्या अंगठ्याने बटण दाबलं. पडदा पांढरा झाला, बी वितळला, आणि मोठ्या पिवळ्या पाकळ्यांचं हसरं फूल उभं राहून गिरक्या घ्यायला लागलं.

"फूल आलं," बाबा म्हणाले. "फळ कधी?"

"फळ येत नाही."

"मग एवढा खटाटोप कशाला?"

त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि बाईला हाक मारून विचारलं, की पिशव्या कोणत्या झाडाखाली लावल्यात.

दुसऱ्या दिवशी मला तलासरीत एका सुनावणीला साडेदहाला पोचायचं होतं. नऊ वाजता मी अजून वाडीत होतो. बाबा जुन्या झाडाखाली स्टुलावर बसले होते. त्यांनी चाकू डाव्या हाताने उघडला आणि उजव्यात घेतला. पहिल्या रोपाला काप द्यायला त्यांना माझ्या अंदाजाने दहा मिनिटं लागली असतील. पूर्वी ते दिवसाला किती करत हे मी सांगत नाही. काप खाली उथळ आणि वर खोल गेला. फांदीलाही तसाच दिला, दोन्ही टेकवले, पट्टी गुंडाळली. पट्टी गुंडाळताना अंगठा जागेवर दाबून धरावा लागतो, तो त्यांनी धरला. दुसरं केलं. तिसरं केलं. मी मधूनमधून घड्याळ पाहत होतो आणि पाहिलं हे दिसू नये म्हणून हात पुन्हा मागे नेत होतो.

मग ते पाणी प्यायला उठले. बाई पुढे झाली, पहिली पट्टी सोडली, काप पाहिला. दुसरी सोडली. तिसरीवर बोट फिरवलं आणि तशीच ठेवली. पहिल्या दोन रोपांना तिने पुन्हा काप दिला, हात इतका चालता होता की मला तिने हे आधीही केलं असावं असं वाटलं. बाबा परत आले तेव्हा ती दुसरी पट्टी गुंडाळत होती. तिने लपवलं नाही.

"शेठ, दोन परत केल्या मी," ती म्हणाली. ती सगळ्यांनाच अरेतुरे करते, बाबांनाही. "तुझा काप वाकडा जातोय. आत हवा ऱ्हाते. बांधणी बरी हाय."

बाबा स्टुलावर बसले. ओठ आवळले. मला वाटलं, आता नर्सरी बंद करायचं सांगतील, दुसऱ्यांदा, आणि ते खरं होईल.

"तिसरी?" त्यांनी विचारलं.

"तिसरी ऱ्हाऊ दे. ती लागंल."

बाबांनी तिसरीची पट्टी दाबून पाहिली. मग चाकू मिटायला गेले, तो उजव्या हाताने मिटला नाही. तसाच उघडा, मूठ पुढे करून तिच्यासमोर धरला.

"काप तू दे," ते म्हणाले. "मी बांधतो. आणि ही दुसरी सोड, तू सैल बांधलीस."

ती म्हणाली, सैल नाही. ते म्हणाले, बोट जातंय आत. ती म्हणाली, तुझं बोट बारीक झालंय आजारपणात. तरी तिने पट्टी सोडली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती ओढली, अंगठ्याने दाबली, ओढली. चौथं रोप तिने टेकवून धरलं होतं आणि पाचव्याला हात घातला होता, आणि दोघं अजून दुसऱ्याच्याच पट्टीवरून बोलत होती. माझा फोन वाजत होता. सुनावणी सुरू झाली होती.